भूतदया कोणाच्या खांद्यावर?

'बायकांचे प्रश्न संपले वाटतं, म्हणून आता कुत्र्यांच्या मागे लागलात?' नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या बैठकीत एका गृहस्थांनी मला विचारलं. प्रश्न टोमण्याचा असला तरी त्याला उत्तर द्यायला हवं.

बैठक भरली होती ती सोसायटीतल्या एका निवृत्त, एकट्या राहणाऱ्या बाईंबद्दल. गेली काही वर्षं त्या पेन्शनच्या पैशातून गल्लीतल्या कुत्र्यांना रोज रात्री भात घालतात. त्यांना नोटीस गेली, पाणी तोडण्याची भाषा झाली. 'मूलबाळ नाही, म्हणून कुत्री सांभाळते,' हे तर जिन्यात ऐकू येईल असं बोललं गेलं. भात घालणारा पुरुष असता, तर त्याच्या कुशीचा हिशोब कोणी मांडला नसता.

पण मैत्रिणींनो, गोष्टीत दुसरी एक बाई आहे. ती पहाटे याच गल्लीत झाडायला येते. तिला कुत्रा चावला. लशीसाठी दवाखान्याच्या चार फेऱ्या झाल्या, तेवढे खाडे झाले, कंत्राटदाराने पगार कापला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे तिची भीती खोटी नाही. प्राण्यांच्या हक्कांवर बोलताना आपण हिला विसरलो, तर आपलं बोलणं पोटभरल्यांचं ठरेल.

या दोघींना एकमेकींसमोर उभं केलं गेलं आहे. खरा जबाबदार त्या बैठकीत नव्हताच.

भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करायचं, त्यांना रेबीजची लस टोचायची आणि त्यांच्याच भागात परत सोडायचं, हे काम २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थांचं, म्हणजे इथे महापालिकेचं आहे. नुसती कुत्री उचलून नेली तर मोकळ्या जागी निर्बीजीकरण न झालेली दुसरी येतात. खाऊ घालण्यासाठी जिने, दारं आणि मुलांच्या खेळाच्या जागा सोडून वेगळी जागा ठरवण्याची जबाबदारी याच नियमांनी सोसायटीवर टाकली. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची लस व निर्बीजीकरणानंतर परत सोडावीत आणि पालिकांनी प्रभागात खाऊ घालण्याच्या जागा ठरवाव्यात, असं सांगितलं. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. आदेश बदलत गेले, पण काम सार्वजनिक यंत्रणेचं आहे हे बदललं नाही.

यंत्रणा हलत नाही तेव्हा ते काम कोणाकडे येतं? बाईकडे. आजारी सासरे, अपंग मूल, म्हातारी आई यांची शुश्रूषा जशी न बोलता बाईच्या वाट्याला येते, तशीच गल्लीतली कुत्रीही. आधी तिच्या ममतेचं कौतुक, मग त्याच ममतेबद्दल नोटीस. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, हे कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकतो. ते तूप घरात कोणी कढवलं, हे कोणी सांगत नाही.

'आम्हाला जनावरासारखं वागवू नका' म्हणत बायका लढल्या, मग आता जनावरांची बाजू का घ्यायची, असं काही कार्यकर्त्या विचारतात. पण जनावराला हवं तसं वागवावं, हे तरी आपण कधी मान्य केलं? भाकड गाय आणि 'वांझ' म्हणून हिणवलेली बाई, दोघींची किंमत उपयोगावरून ठरवणारा तराजू एकच आहे. समुपदेशनात मी ऐकते, बायकोला धाक बसावा म्हणून नवरा आधी तिच्या मांजराला लाथ घालतो. ज्याला वेदना होते, त्याला छळण्याचा हक्क मालकाला नाही, एवढंच आपलं म्हणणं आहे.

हे म्हणणं संसदेत मांडणारीही एक बाईच होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५०च्या दशकात राज्यसभेत खासगी विधेयक आणलं. त्यातूनच पुढे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६२ साली त्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. दयेवर विसंबून चालत नाही, कायदा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये ठेवला गेला आणि साठ वर्षं उलटली तरी आकडा तोच होता. कायदा झाला, पण तो राबवायचा कुणाला होता?

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं: कुत्र्यांचा प्रश्न बायकांवर ढकलला गेला, म्हणून तो बायकांचाही झाला. आता तो सगळ्यांचा करू या. आपल्या प्रभागात किती कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं, हे महापालिकेला लेखी विचारू या. चावा घेतलेल्या कामगाराला लशीच्या दिवसांची भरपगारी रजा मागू या. सोसायटीने जागा आणि वेळ ठरवावी, खर्च वाटून घ्यावा, आणि भाताचं पातेलं उचलण्याच्या पाळीत पुरुषांचीही नावं असावीत. पहिलं नाव त्याच गृहस्थांचं लिहायला माझी हरकत नाही.