फॉरमॅट मारू का?

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपल्याकडे निदान एकच: "फॉरमॅट मारावं लागेल." सांगणारा कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला असो नाहीतर 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' मावसभाऊ, औषध तेच. शेजारी डी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी मोकळे लोळत असतात, पण ते सीला देता येतील का, हे कोणी विचारतच नाही. अहो, खोलीतलं प्लायवूडचं पार्टिशन दोन फूट सरकवायचं म्हणून कोणी अख्खी चाळ पाडतं का?

"सरकवलं तर डेटा जातो" ही अंधश्रद्धा आहे. पार्टिशन म्हणजे डिस्कवरच्या एका तक्त्यातली नोंद: कुठे सुरू, कुठे संपलं. 'पार्टिशन मॅजिक' नावाचं सॉफ्टवेअर हे काम नव्वदच्या दशकातच करत होतं. फुकटचं जीपार्टेड २००४ पासून आहे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्येच 'श्रिंक' आणि 'एक्सटेंड' आहेत. म्हणजे ही विद्या काही गुप्त नाही.

मग लोक घाबरतात कशाला? कारण पहिल्याच प्रयत्नात 'एक्सटेंड' करडं दिसतं, दाबताच येत नाही. विंडोजला मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे हवी असते. तुम्ही डी लहान केलात की जागा सुटते डीच्या शेपटाकडे. त्यात मध्ये बऱ्याचदा रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसलेलं असतं. आता डीची सुरुवातच पुढे न्यायची, तर त्यातला डेटा खरोखर उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. याला तास लागतात, आणि मध्येच लाइट गेली तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. धोका आहे तो इथे, आणि तो खराच आहे.

म्हणून कॉम्प्युटरवाल्याची बाजूही ऐकू. फॉरमॅट तासाभरात उरकतो. पार्टिशन सरकवायला दिवस मोडतो आणि बिघडलं तर गिऱ्हाईक त्यालाच धरणार. कबूल. पण मग "मला परवडत नाही" म्हणावं. "होतच नाही" कशाला?

त्याहून वाईट म्हणजे त्याचं ठरलेलं आश्वासन: "काळजी नको, डी ला हात लावत नाही." अहो, पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोनमधून उतरवलेले फोटो हे सगळं मुळात सीमध्येच जातं! आईबाबांना हे कोण सांगणार? आणि डीमध्ये ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, हाही भ्रमच. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे. डिस्क मेली की दोघेही गेले.

गंमत बघा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी एक सिक्युरिटी अपडेट आलं, केबी५०३४४४१. रिकव्हरी पार्टिशन लहान असेल तर ते बसेचना. मायक्रोसॉफ्टने उपाय काय दिला? कमांड चालवून ते पार्टिशन स्वतःच २५० एमबीने वाढवा! म्हणजे विंडोज बनवणारी कंपनी घरच्या माणसाला सांगते "सरकव", आणि आपण अजून "फॉरमॅट मारू का" वरच अडलेलो.

तेव्हा मंडळी, क्रम एवढाच. आधी वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, आणि त्यातल्या चार फायली उघडून बघायच्या. कॉपी झाली म्हणजे वाचता येतेच असं नाही. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि तो पूर्ण बंद करून डिस्क डिक्रिप्ट होऊ द्या. डिस्क तपासा. लॅपटॉप चार्जरवर, डेस्कटॉप यूपीएसवर. मगच जीपार्टेड. आणि डी छोटा असेल तर इतकीही यातायात नको: बॅकअपची खात्री झाली की डी उडवा, मध्ये रिकव्हरी पार्टिशन नसेल तर सी वाढवा, उरलेल्या जागेत नवा डी करा.

आता कोणी म्हणेल, बॅकअप घेतलाच आहे तर फॉरमॅटच का नको? मारा की! खुशाल मारा. पण तो तुमचा निर्णय असू दे, दुसऱ्याच्या आळसाचा नव्हे. पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारू का?" विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी उलट विचारा: "बॅकअप कुठल्या डिस्कवर घेतलास?"

समोरचा "डी मध्ये" म्हणाला, तर मशीन उचला आणि घरी या.