भाग हवाय की गाडी?



आमच्याकडे १९५१ची प्लायमथ आहे. ह्यांना ती एका ओळखीच्यांच्या गोठ्यात सापडली, तेव्हा सीटवर कोंबड्या बसत होत्या. मंदिरात बायका मला विचारतात, "काकू, तुम्ही अपरिग्रहावर लिहिता आणि दारात एवढी मोठी अमेरिकन गाडी?" प्रश्न रास्त आहे.

तशा या गाड्या आपल्याला परक्या नाहीत. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लायमथ, डिसोटो कुर्ल्याला जोडल्या जाऊ लागल्या.

तत्त्वार्थसूत्राप्रमाणे परिग्रह वस्तूत नसतो, तिच्याबद्दलच्या मूर्च्छेत असतो. बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. दरवर्षी किंमत उतरवत जायची आणि शेवटी वस्तू मोडीत. ह्यांनी मोडीतली वस्तू हाताने जपली. सहा व्होल्टची बॅटरी सांभाळायची, पावसाळ्यात पत्रा गंजू नये म्हणून झटायचे. उंदीर वायरी कुरतडतात, पण विष ठेवायचे नाही. पिंजरा लावायचा आणि सकाळी उंदीर माळावर सोडून यायचे. यात मला मूर्च्छा दिसली नाही, काळजी दिसली.

ती दिसली गेल्या वर्षी. वॉटर पंपाचा शाफ्ट झिजला, पाणी गळू लागले, इंजिन तापू लागले. अमेरिकेतले हौशी लोक सुट्या भागांसाठी तसलीच दुसरी मोडकी गाडी घेऊन ठेवतात. ह्यांनीही एक शोधली. आगाऊ रक्कम द्यायला निघाले तेव्हा मी विचारले, "अहो, भाग हवाय की गाडी?"

दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी हे झिजलेला शाफ्ट घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. लेथवर नवा करून मिळाला. त्या मोडक्या गाडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता.

माझे मत एवढेच. छंद म्हणजे परिग्रह नव्हे, पण छंदाला मर्यादा आधी घालावी लागते. वस्तू समोर आल्यावर घालू म्हटले, तर मन हिशेब आपल्या सोयीने मांडते. दुसरी गाडी आली असती, तर तिच्यासाठी शेड आली असती, मग तिसरीही "स्वस्तात" मिळाली असती. आपण तरी काय वेगळे करतो? डिनर सेटमधली एक वाटी फुटली की अख्खा सेट आणतो आणि जुना माळ्यावर टाकतो.

दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी ह्यांनी परिग्रह-परिमाणाच्या वहीत लिहिले, "जुनी गाडी: एक." मग वही माझ्याकडे सरकवली. माझ्या पानावर "साड्या" लिहून झाले आहे. पुढचा आकडा अजून कोराच आहे. यंदा तो भरायचा.