दोष यंत्राचा की क्रमाचा?

एकच व्हिडिओ गेम एका यंत्रावर झकास चालतो आणि दुसऱ्यावर अडखळतो, तेव्हा दुसरं यंत्र कमी ताकदीचं, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. पुष्कळदा दोष असतो तो क्रमाचा: गेम आधी कोणासाठी बांधला आणि नंतर कोणावर चढवला. या पहिल्या यंत्राला धंद्यात ‘लीड प्लॅटफॉर्म’ म्हणतात. २००९चा ‘बेयोनेटा’ प्लॅटिनमगेम्सने एक्सबॉक्स ३६०साठी बनवला. प्लेस्टेशन ३ची आवृत्ती सेगाने त्यावरून तयार केली आणि ती फ्रेमरेट, लोडिंग दोन्हींत उघड मागे पडली. प्लेस्टेशन ३ दुबळं नव्हतं, विक्षिप्त होतं. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये मुख्य कोअरच्या जोडीला गेमसाठी सहा मदतनीस कोअर मिळत, पण प्रत्येकाची स्वतःची मेमरी अवघी २५६ किलोबाइट; कामाचे बारीक तुकडे करून हाती दिले तरच ते राबणार. शिवाय ५१२ मेगाबाइट मेमरी निम्मी-निम्मी वाटलेली, एक्सबॉक्सची तेवढीच पण सामायिक. उलट, क्रायटेरियनने २००८चा ‘बर्नआउट पॅरडाइस’ प्लेस्टेशन ३ समोर ठेवून रचला आणि तो दोन्हीकडे सफाईने धावला. तुकड्यांत मांडलेलं काम एक्सबॉक्सचे तीन कोअरही वाटून घेतात. एकसंध लिहिलेलं काम मागाहून तोडायचं, तर सगळी वीणच उसवावी लागते.

आता प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीत एकाच जातीचे प्रोसेसर असतात, तेव्हा हा जुना इतिहास कशाला, असं कोणी म्हणेल. प्लेस्टेशन ४पासून ते खरं आहे. तरी डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ तिथेच आपटला. गाडी भरधाव निघाली की पुढचे रस्ते, माणसं, इमारती डिस्कवरून सतत मेमरीत ओढाव्या लागतात. पीसीच्या एसएसडीला ते झेपलं, जुन्या कन्सोलच्या संथ हार्ड डिस्कला झेपेना. दहा दिवसांच्या आत सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. पीसीवर गेम भव्य दिसावा आणि मग तो कन्सोलसाठी बेतावा, असं ठरलं होतं, हे गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनीच पुढच्या महिन्यात सांगितलं.

अशक्त यंत्र आधी धरलं तर सशक्ताच्या पायात बेडी पडते, हा आक्षेप अधिक वजनदार. पण रेझोल्यूशन, सावल्या, पोतांची बारकाई मागाहून वाढवता येते. प्रोसेसरवरचा भार, मेमरीची भूक आणि डिस्कचा वेग मागाहून आटोक्यात आणणं महाकठीण. ‘बाल्डर्स गेट ३’ने हेच भोगलं. एक्सबॉक्स सिरीज एसच्या १० गिगाबाइट मेमरीत एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय बसेना, म्हणून ऑगस्ट २०२३मध्ये पीसीवर आलेला गेम एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला, आणि सिरीज एसवर तो त्या सोयीविनाच आला. ती सोय गाळणं गैर नव्हतं. कधीकधी गाळणंच शहाणपणाचं असतं. फक्त तो निर्णय आराखड्याच्या टेबलावर व्हायला हवा. हा धडा सीडी प्रोजेक्टने घेतलेला दिसतो: जून २०२५मध्ये ‘विचर ४’चं तांत्रिक प्रात्यक्षिक साध्या प्लेस्टेशन ५वर सेकंदाला ६० फ्रेमने चालवून दाखवलं आणि या वेळी कन्सोल आधी, असं जाहीर केलं. प्रात्यक्षिक म्हणजे गेम नव्हे, तेव्हा टाळ्या राखून ठेवलेल्या बऱ्या.