दोन टाकी आणि एक भांडण

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. दोघेही परके, पण लेख इथल्या प्राकृतात. तेव्हा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलणाऱ्या परप्रांतीयानेही मराठी शिकावी, हे मला रास्त वाटतं. दमदाटी करून मात्र ती कुणाच्या तोंडी बसत नाही. आणि कांदा काढायला माणूस मिळेना की पहिला फोन याच परप्रांतीय मजुरांच्या मुकादमाला जातो, हेही लपवायला नको.

सक्ती हिंदीचीही चालली नाही. पहिलीपासून हिंदीचा एप्रिल २०२५चा शासन निर्णय २९ जूनला मागे घ्यावा लागला, तो उघड विरोधामुळेच. त्याच एप्रिलमध्ये ‘फुले’ चित्रपटातले जातिवाचक उल्लेख सेन्सॉर मंडळाला खटकले. इतिहास खटकतोच, म्हणून तो कापायचा?

या अंकात आम्ही कापाकापी टाळली आहे. स्थलांतरावर दोन लेख आहेत, एक जुन्नरचा, एक आंबेगावचा. दोन्ही लेखकांचं एका मुद्द्यावरही जमत नाही. छापण्याआधी दोघांना एकमेकांचे लेख दाखवले. आंबेगावच्या लेखकाने आपल्या लेखातली शिवी खोडली आणि आक्षेप दुप्पट केला. आम्ही तो पूर्ण छापला आहे.