फांदीला फांदी, अंधाराला अंधार

"आत्या, यातलं लई भारी कोण?" राधानगरीहून कोल्हापूरला परतताना भाचीनं विचारलं. सकाळी दाजीपूरच्या रानात तिनं शेकरू पाहिलं होतं आणि रात्री राधानगरीजवळ काजव्यांनी लखलखलेलं जांभळीचं झाड. मे सरत आला होता, वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते.

शेकरूचा दिमाख पाहणाऱ्याला लगेच भुलवतो. तांबूस पाठ, पिवळसर पोट, झुपकेदार लांब शेपूट. आपला राज्यप्राणी. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. पाच-सहा मीटरची झेप घेत झाडावरून झाडावर जातं. डहाळ्या-पानांची गोल घरटी बारीक फांद्यांवर बांधतं, जड शिकारी तिथवर पोचू नये म्हणून. पिल्लाची सारी भिस्त या घरट्यावर.

काजव्याचं उलटं. आपण पाहतो ते त्याचे अखेरचे थोडे दिवस. त्याआधी कित्येक महिने अळी पाचोळ्याखालच्या ओलाव्यात गोगलगायी खात वाढते. पंख फुटल्यावर मुख्य काम एकच उरतं, जोडीदार शोधायचं. पोटातल्या ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णतेविना उजेड पडतो. समुद्रतळाच्या गाळात रुतून राहणारं सी पेनही असंच रसायन जाळतं. पण त्याला कुणी डिवचलं की ते चमकतं. काजवा कुणाला तरी बोलावण्यासाठी चमकतो. मला हा फरक फार हलवून गेला.

भारी कोण, ते मला ठरवता आलं नाही. एवढंच सांगितलं, "शेकरूला फांदीला फांदी लागलेली हवी, काजव्याला अंधाराला अंधार." रस्त्याकडेची झाडं तोडली की शेकरूची वाट मध्येच संपते. त्याच रस्त्यावर दिव्यांचा झोत पडला की नराची खूण मादीपर्यंत पोचत नाही. आणि पाचोळा पेटवला तर पुढल्या वर्षीचे काजवे आजच जळतात. दाजीपूरचं रान १९५८ साली अभयारण्य झालं ते गव्यांसाठी. त्यांच्या आडोशानं शेकरूही राहिलं, काजवाही राहिला.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण गाडी झाडाखाली नेली तेव्हा दिवे चालू होते. तेवढ्यात अर्धं झाड विझलं."

मलाही ते दिसलं होतं. पुढच्या मे महिन्यात गाडी गावातच ठेवून चालत जायचं, असं तिनं ठरवून टाकलंय.