परक्याच्या हातीं घरची किल्ली

नगरच्या कापडबाजारांत व आडतेबाजारांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते : शिकलेला माणूस घरच्या धंद्यांत टिकत नाहीं. तक्रार खरी आहे. पण सारा दोष त्या शिकलेल्याच्याच माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. तो तेथें येतोच कां, हें आधीं पाहिलें पाहिजे.

केवळ पगारासाठीं तो येत नाहीं. पगार मोठ्या कंपनींतही मिळतो. येथें मालक समोर बसलेला असतो. सकाळीं मांडलेल्या योजनेस सायंकाळपर्यंत होय किंवा नाहीं असें उत्तर मिळतें. आज खरेदी, उद्यां यंत्र, परवां गिऱ्हाईक, असें चौफेर काम हातीं येतें. शिवाय ज्याचें नांव पाटीवर, त्याला तिमाहीच्या नफ्याइतकीच पुढच्या पिढीचीही काळजी असते.

ह्याचा उत्तम दाखला किर्लोस्करवाडीचा. १९१० सालीं औंध संस्थानांतील निवडुंगानें भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना घातला, तेव्हां त्याचा भार जांभेकर, रेगे, फळणीकर अशा परक्या आडनांवांवरही टाकला. रेग्यांकडे हिशेब आले. शाळा अर्ध्यावर सोडलेले फळणीकर तेथेंच कल्पक यंत्रज्ञ झाले. रक्ताचें नातें नव्हतें. अधिकार होता व विश्वास होता. आपल्या जिल्ह्यांतील प्रवरेचा साखर कारखाना घरचा नव्हे, सहकारी. पण विठ्ठलराव विखे पाटील व त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांस अध्यक्षस्थानीं बसविलें. शहाणपण बाहेरून आणण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

उलट आपल्या पेढ्यांवर काय घडतें? व्यवस्थापक नेमावयाचा, आणि तिजोरीची किल्ली मेहुण्याकडे ठेवावयाची. त्यानें ठरविलेला भाव धाकट्या शेठनीं फोनवर फिरवावयाचा. तीस वर्षें राबला तरी गादीवर कोण बसणार, हें पाळण्यांतच ठरलेलें! जातीबाहेरचा माणूस किंवा स्त्री असली, तर हिशेबाची वही दाखविण्याचाही संकोच. अशा ठिकाणीं गुणी माणसानें राहावें तरी कशाला?

आमची सूचना साधी आहे. अधिकार लेखी द्यावा. दिलेल्या अधिकारांत मुलानेंही हात घालूं नये. नफ्यांत ठरलेला वांटा द्यावा. आणि मुलानें प्रथम त्याच परक्याच्या हाताखालीं उमेदवारी करावी. गादी वारशानें मिळते, अक्कल वारशानें मिळत नाहीं. येत्या दिवाळींत वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्यांनीं हा करार नव्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहावा, एवढीच आमची विनंती आहे.