पोट मऊ, दुखणे जीवघेणे

जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅन यंत्रे आली. आता ती रात्रीही चाललीच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आतड्याला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अचानक बंद पडली, तर रुग्ण गडबडा लोळतो. पोट मात्र सुरुवातीला हाताला मऊच लागते. मग ‘पित्त झाले’ म्हणत इंजेक्शन टोचून त्याला घरी धाडले जाते. साधारण ६ तासांत आतडे काळे पडू लागते. सकाळी शस्त्रक्रिया झाली, तरी वाचवण्याजोगे फारसे उरलेले नसते.

आजार विरळा आहे, ही सबब चालणार नाही. उतारवयातील, नाडी अनियमित असलेल्या रुग्णाच्या असह्य पोटदुखीत रक्तवाहिन्यांचा सीटी तातडीने व्हावा, असा लेखी आदेश आरोग्य विभागाने काढावा. कुलपात ठेवलेले यंत्र कुणाचाही जीव वाचवत नाही.